परवान्याचा उंबरठा आणि भावी डॉक्टरांची धास्ती

जून आणि डिसेंबर हे दोन महिने महाराष्ट्रातील अनेक घरांत काळजीचे असतात. घरातील मुलगा किंवा मुलगी रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स वा चीनमधून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेली असते. गावात पेढे वाटून झालेले असतात, दारावर लावायच्या पाटीचा विचारही आईवडिलांच्या मनात येऊन गेलेला असतो. परंतु रुग्णाची नाडी हाती धरण्याचा कायदेशीर अधिकार अद्याप मिळालेला नसतो. त्यासाठी परदेशी वैद्यकीय पदवीधरांना राष्ट्रीय परीक्षा मंडळाची चाळणी परीक्षा, म्हणजे ‘एफएमजीई’, उत्तीर्ण व्हावी लागते. एका दिवसात ३०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणांची वजावट नाही, आणि उत्तीर्ण होण्यासाठी १५० गुण. ऐकताना ही अट सोपी वाटते. प्रत्यक्षात बहुतेक सत्रांमध्ये चार परीक्षार्थींपैकी जेमतेम एखादाच ती पूर्ण करतो.

या निकालानंतर दरवेळी एकच तक्रार ऐकू येते : परीक्षा मुद्दाम कठीण ठेवली जाते, परदेशात शिकलेल्यांना अडवण्यासाठीच ती आहे. सहा-सात वर्षे घरापासून दूर राहून शिकलेल्या तरुणाची व्यथा खरी आहे, आणि तिची टिंगल करण्याचे कुणालाच कारण नाही. पण व्यथा खरी असली, तरी तिच्या मागे सांगितले जाणारे कारण तपासून पाहिलेच पाहिजे.

ही परीक्षा कुणाच्या लहरीतून जन्मलेली नाही. भारतीय वैद्यकीय परिषद कायद्यात २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि २००२ पासून चाळणी परीक्षा लागू झाली. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर त्याच्या भूमीवरील महाविद्यालयांतून पदव्या घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा दर्जा एकसारखा नव्हता, हे त्यामागचे कारण. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००२ मध्येच न्यायालयाने ही परीक्षा वैध ठरवली. रुग्णाच्या जिवाशी संबंधित व्यवसायात प्रवेश देताना राज्यसंस्थेने खात्री करून घ्यावी, यात वावगे काहीच नाही.

किंबहुना हा विचार या भूमीला नवा नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचा सराव आधी भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर, पाण्याने भरलेल्या चामडी पिशवीवर आणि मृत प्राण्यांच्या शिरांवर करावा, असे सांगितले आहे. शास्त्र शिकलेला, कर्म पाहिलेला, स्वतः अभ्यास केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला वैद्यच चिकित्सेसाठी बाहेर पडण्यास योग्य मानला आहे. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हातकाम जाणणारा, हे दोघेही सुश्रुताच्या दृष्टीने एका पंखाचे पक्षी आहेत. आजच्या भाषेत त्या राजानुज्ञेलाच परवाना म्हणतात.

सुश्रुताची ही एका पंखाची उपमा आजच्या अपयशाचे मर्मही उलगडते. परदेशातील अनेक विद्यापीठांत व्याख्याने इंग्रजीतून होतात, पण खाटेवरचा रुग्ण रशियन, जॉर्जियन किंवा चिनी बोलतो. त्याची भाषा नीट अवगत नसेल, तर विद्यार्थ्याला त्याच्या आजाराचा इतिहास विचारता येत नाही. रुग्णाशी बोलून निदान करण्याची कला मग पुस्तकातच राहते. शिवाय रोगांचे स्वरूपही वेगळे. मलेरिया, डेंग्यू, सर्पदंश हे भारतीय डॉक्टरचे रोजचे विषय, थंड प्रदेशातील रुग्णालयात मात्र अपवादाने दिसणारे. महाडसारख्या गावी राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनच्या उपचाराचे मोलाचे संशोधन करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. कोकणातील शेतकऱ्याला मध्यरात्री विंचू चावला की त्याला असाच डॉक्टर हवा असतो. त्या शेतकऱ्याला आपल्या डॉक्टरची परीक्षा ‘फार कठीण होती’ हे ऐकून दुःख होणार नाही, उलट धीर येईल.

म्हणून पट्टी खाली आणावी, ही मागणी मान्य करता येणार नाही. मात्र एवढ्यावर विषय संपत नाही. विद्यार्थ्यांच्या धास्तीचा मोठा भाग परीक्षेच्या काठिण्यातून येतच नाही. तो दोन गोष्टींतून येतो : प्रवेशाच्या वेळी झालेली दिशाभूल आणि नियमांबाबतची अनिश्चितता. या दोन्हींचा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारता येत नाही.

पहिली गोष्ट पाहू. २०२४ मध्ये ‘नीट’ परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील एमबीबीएसच्या जागा २०१४ मधील सुमारे ५१ हजारांवरून एक लाखाच्या पुढे गेल्या, ही समाधानाची बाब, पण मागणीपुढे त्या आजही अपुऱ्या आहेत. सरकारी महाविद्यालय हुकले आणि खाजगीचे शुल्क आवाक्याबाहेर असले की घरात एजंटाचे माहितीपत्रक येते. त्यावर इमारतींची चकचकीत छायाचित्रे असतात, वसतिगृहात भारतीय जेवण मिळण्याची हमी असते. परतल्यावर द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा उल्लेख असलाच तर बारीक अक्षरांत. लातूर, नांदेड, जळगावकडील एखादा बाप शेताचा तुकडा विकतो, सोने गहाण पडते आणि अठरा वर्षांचे मूल विमानात बसते. २०१८ पासून परदेशी जाणाऱ्यांनाही ‘नीट’ अर्हता सक्तीची झाली, हे योग्यच झाले. पण अर्हता म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. खरी चाळणी सहा वर्षांनंतर लागते, आणि तोवर पैसाही गेलेला असतो व वयही.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा या प्रवाहाचा आकार देशाला प्रथमच दिसला. ‘ऑपरेशन गंगा’ राबवून हजारो विद्यार्थ्यांना सुखरूप मायदेशी आणले गेले. ती कामगिरी अभिमानास्पद होती. परंतु अर्धवट शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्यांच्या मागोमाग आला. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना चाळणी परीक्षेस बसण्याची मुभा व त्यानंतर दोन वर्षांची आंतरवासिता, इतर काहींना २०२३ मध्ये एकवार देशातच अंतिम परीक्षा देण्याची संधी, असे मार्ग काढले गेले. प्रत्येक टप्प्यावर न्यायालय, परिपत्रक आणि खुलासा यांची वाट पाहण्यात या मुलांचे महिने गेले.

अनिश्चिततेचे दुसरे उदाहरण देशातच शिकणाऱ्यांचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने ‘नेक्स्ट’ ही समान निर्गम परीक्षा योजली. देशात शिकलेला असो वा परदेशात, परवान्यासाठी सर्वांना एकच परीक्षा, आणि पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ताही तिच्यावरच. तत्त्व उत्तम आहे. ‘आम्हांलाच वेगळी चाळणी का?’ या परदेशी पदवीधरांच्या प्रश्नाला याहून न्याय्य उत्तर नाही. अमेरिकेत परवान्याची तीन टप्प्यांची परीक्षा तेथील विद्यार्थ्याला आणि भारतातून गेलेल्या डॉक्टरला सारखीच द्यावी लागते, त्यात कुणी अपमान मानत नाही. ‘नेक्स्ट’चा दुसरा टप्पा प्रात्यक्षिकाचा, म्हणजे सुश्रुताचा दुसरा पंखही तपासणारा. पण कायद्यात तीन वर्षांची मुदत असताना ही परीक्षा मुदतीत झाली नाही. २०२३ च्या जूनमध्ये नियमावली आली, २८ जुलैला सराव परीक्षा ठरली, आणि जुलैच्या मध्यावर सारेच लांबणीवर टाकले गेले. त्यानंतर ‘कधी?’ या प्रश्नाचे उत्तर बदलतच राहिले. कोणत्या परीक्षेसाठी अभ्यास करायचा हेच ज्याला ठाऊक नाही, त्या विद्यार्थ्याला ‘घाबरू नकोस’ असे सांगणे व्यर्थ आहे.

परवान्याची व्यवस्था सैल पडली की काय होते, तेही दिसले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने चाळणी परीक्षा उत्तीर्ण न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून ७३ परदेशी पदवीधरांविरुद्ध गुन्हा नोंदवला. राज्यांच्या वैद्यकीय परिषदांवरही त्यात बोट ठेवले गेले. निराशेला पळवाट दाखवणारे सर्वत्र टपलेले असतात, याचे हे निदर्शक.

तेव्हा उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. परीक्षेचा दर्जा तसाच राहावा, पण तिच्यातील अपारदर्शकता जावी. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची जाहीर न करण्याचा मंडळाचा शिरस्ता आहे. प्रश्नसंचाची गोपनीयता जपायची असेल, तरी अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला विषयवार गुणांचा तपशील मिळावा, म्हणजे आपण औषधशास्त्रात कच्चे की शल्यचिकित्सेत, हे त्याला कळेल. परीक्षेच्या स्वरूपात बदल करायचा असेल, तर त्याची घोषणा प्रवेशाच्या वेळी व्हावी आणि तो त्या तुकडीपासूनच लागू व्हावा. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे शिस्तीत बसत नाही. आणि वारंवार अपयशी ठरणाऱ्यांना मान्यताप्राप्त रुग्णालयांत देखरेखीखाली उजळणी प्रशिक्षणाची सोय व्हावी. त्यांच्यावर कुटुंबांनी जे खर्च केले, ते अखेर देशाचेच धन आहे.

समाजाचीही जबाबदारी आहे. २०२१ च्या नियमावलीने किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता आणि त्या देशात व्यवसाय करण्याची पात्रता या अटी स्पष्ट केल्या आहेत. देशनिहाय आणि महाविद्यालयनिहाय निकालाची आकडेवारीही मंडळाने वेळोवेळी प्रसिद्ध केली आहे. एजंटाला पहिला हप्ता देण्यापूर्वी ही दोन कागदपत्रे पाहिली, तर किती तरी घरे वाचतील. गावातील शिक्षक, डॉक्टर आणि समाजात वावरणारे कार्यकर्ते बारावीच्या निकालानंतरच्या त्या आठ-पंधरा दिवसांत एवढे काम सहज करू शकतात. त्याला निधी लागत नाही, थोडा वेळ आणि आस्था लागते. ‘डॉक्टरच हो’ हा आग्रह क्षणभर बाजूला ठेवून मुलाचा कल विचारणे, हे तर घरचेच काम.

आणि जो एकदा, दोनदा अनुत्तीर्ण झाला आहे, त्याला घरात टोमणे नकोत, सोबत हवी. या परीक्षेच्या प्रयत्नांवर मर्यादा नाही. उंबरठा उंच आहे, तो तसाच राहिला पाहिजे, कारण त्याच्या आतल्या बाजूला रुग्ण निजला आहे. पण त्या उंबरठ्यावर दिवा लावण्याचे काम शासनाचे आहे, आणि ठेच लागलेल्याला हात देण्याचे काम आप्तांचे.