‘हिम फॉर द वीकेंड’मधला किल्ला कोणाचा?

२९ जानेवारी २०१६. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याचा व्हिडिओ प्रसिद्ध झाला. आजवर तो अब्जाहून अधिक वेळा पाहिला गेला आहे. त्यातील काही दृश्ये वसईच्या किल्ल्यात चित्रित झाली आहेत. बोरिवलीहून विरारच्या दिशेने निघालेल्या लोकलचे पाचवे स्थानक म्हणजे वसई रोड. किल्ला तिथून थोड्याच अंतरावर आहे.

‘अ हेड फुल ऑफ ड्रीम्स’ हा कोल्डप्लेचा सातवा स्टुडिओ अल्बम ४ डिसेंबर २०१५ रोजी आला. ‘अ‍ॅडव्हेंचर ऑफ अ लाइफटाइम’ हे त्यातील पहिले सिंगल, ‘हिम फॉर द वीकेंड’ दुसरे आणि ‘अप अँड अप’ तिसरे. दुसऱ्या गाण्यात बियॉन्सेचा स्वर आहे, व्हिडिओचा दिग्दर्शक बेन मोर आणि सोनम कपूर त्यात क्षणभर दिसून जाते. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला बँड वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर येऊन गायला.

व्हिडिओवर टीका झाली ती अशी : होळीचे रंग, साधू, मोर, देवांची सोंगे घेतलेली मुले, जुने चित्रपटगृह. परदेशी माणसाला जो भारत आधीच ठाऊक असतो, तोच पुन्हा दाखवला. टीका रास्त होती. ‘गाणे आहे, माहितीपट नव्हे’ हा बचावही अगदीच पोकळ नव्हता. पण दोन्ही पक्षांच्या वादात वसईचे नाव ‘चित्रीकरण-स्थळ’ याहून पुढे फारसे गेले नाही. जुन्या भिंती एवढाच त्या वास्तूचा अर्थ उरला, बँडसाठी आणि टीकाकारांसाठीही.

‘हिम’ म्हणजे चर्चमधले स्तोत्रगीत. (मराठी कानाला आधी बर्फ आठवतो, हा भाग वेगळा.) वसईच्या कोटात सेंट जोसेफचे कॅथेड्रल होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि जेझुइट पंथांची चर्चे व मठ होते. त्यांची छपरे गेली, भिंती आणि कमानी उभ्या आहेत; फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये थडग्यांवरील कोरीव शिळा आजही पायाखाली येतात. जिथे सुमारे दोनशे वर्षे खरीखुरी ‘हिम’ गायली गेली, तिथे एका ‘हिम’चे चित्रीकरण झाले आणि पडद्यावर आली ती होळी. हा योगायोग कोणाच्या ध्यानात आला नसावा. व्हिडिओतल्या भारतात वसईच्या ख्रिस्ती भूतकाळाला जागा नव्हती. पण ती टीकाकारांच्या भारतात तरी कुठे होती?

आता उपनगरांकडे. ‘पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली’ हे वाक्य सर्रास संपूर्ण शहराला लावले जाते. ते चूक आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातील बेटे पोर्तुगीजांना दिली. पुढे वसई त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी झाली. १६६१ च्या विवाह-कराराने दुसऱ्या चार्ल्सला मिळाले ते मुंबई बेट, आणि त्याचा प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडले. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे साष्टी बेटावरची. (गोव्यातला साष्टी तालुका वेगळा.) साष्टी आंदणात नाही, असा पोर्तुगीजांचा ठाम पवित्रा होता आणि तो त्यांनी टिकवला. म्हणजे पुढची सत्तरेक वर्षे माहीमची खाडी ओलांडणे हे एका राजवटीतून दुसऱ्या राजवटीत जाणे होते. या काळात अंधेरीची राजधानी फोर्टात नव्हती, ती वसईत होती.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई पडली. इंग्रजांच्या हाती साष्टी आली ती डिसेंबर १७७४ मध्ये, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला. फोर्टात इंग्रजांचा अंमल शंभराहून अधिक वर्षे जुना झाला, तेव्हा कुठे घाटकोपरने तो पाहिला.

वसईची कहाणी सांगताना पोर्तुगीज काळाला सोनेरी मुलामा देण्याची गरज नाही. बोरिवलीचे मंडपेश्वर पाहिले तरी पुरे. शैव लेणे फ्रान्सिस्कनांनी ताब्यात घेतले आणि वर मठ बांधला; आज खाली शिल्पे आणि वर त्या मठाचे भग्नावशेष एकाच नजरेत मावतात. धर्मांतरे झाली, देवळे मोडली, जमिनी फिदाल्गो आणि धर्मसंघांकडे गेल्या. मराठ्यांच्या विजयानंतर वसईतल्या घंटा घाटावर पोहोचल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर आणि भीमाशंकर इथे त्या आजही टांगलेल्या आहेत. विजयाची ही खूण मराठी वाचकाला चांगली ठाऊक असते. घंटा जिथून निघाली ती जागा मात्र त्याच्या मनात बहुधा रिकामी असते. त्या घंटेच्या नादावर उठणारी माणसे साष्टीतच राहिली. शेती, मीठ आणि मासेमारी करत, मराठीचीच एक बोली बोलत राहिली आणि १८८७ मध्ये त्यांच्यातील अनेकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. उपनगरांतल्या गावठाणांतील क्रूस त्यांचे आहेत.

या गावठाणांच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहत असताना वसईच्या किल्ल्याला निव्वळ पार्श्वभूमी मानणे निरुपद्रवी राहत नाही. ज्या भिंतीचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही, ती पाडताना कोणाचा हातही थरथरत नाही. कोल्डप्लेवर रागावणे सोपे आहे. ते चार दिवसांचे पाहुणे. विरार लोकलने रोज भाईंदरच्या पुढची खाडी ओलांडणाऱ्यांना उत्तर प्रांताचे नाव पाठ्यपुस्तकातून कधी भेटले का, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो लंडनला विचारता येणार नाही.

अंधेरीत सीप्झच्या कुंपणाआड, निर्यात-कारखान्यांच्या मधोमध, सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च उभे आहे. जेझुइटांनी ते १५७९ मध्ये बांधले. १८४० च्या सुमारास साथीनंतर गाव मरोळकडे सरकले आणि चर्च ओस पडले. तिथे एरवी परवानगीवाचून जाता येत नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, जुन्या रहिवाशांचे वंशज आत येतात, छप्पर नसलेल्या चर्चमध्ये मिस्सा होतो आणि स्तोत्रे गायली जातात.