‘द बिग ट्रेल’ कशामुळे आपटला?

राउल वॉल्शच्या ‘द बिग ट्रेल’बद्दल (१९३०) एक ठरीव निकाल ऐकवला जातो: देखावा भव्य, गोष्ट पोकळ, नायक कच्चा, म्हणून चित्रपट पडला. यातला ‘म्हणून’ मला मान्य नाही.

मिसिसिपीकाठाहून ऑरेगॉनकडे निघालेल्या बिऱ्हाडांची ही कथा. तेवीस वर्षांच्या जॉन वेनची पहिलीच प्रमुख भूमिका. संवाद म्हणताना तो अवघडतो, हे खरेच. पण घात केला तो पडद्याने. फॉक्स कंपनीने चित्रपट ७० मिलिमीटरच्या ‘ग्रँडर’ पद्धतीने काढला. थिएटरवाले बोलपटांची यंत्रे बसवून नुकतेच मोकळे झालेले, त्यात १९२९ नंतरची मंदी. नवे प्रोजेक्टर आणि रुंद पडदे ते कशाच्या जोरावर घेणार? बहुतेकांनी पाहिली ती सोबतच वेगळ्या कॅमेऱ्याने टिपलेली ३५ मिलिमीटरची आवृत्ती. ज्या देखाव्याला नावे ठेवतात, तो त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता! शिक्षा मात्र वेनला झाली. १९३९ च्या ‘स्टेजकोच’पर्यंत तो स्वस्तातल्या चित्रपटांत घोडे दामटत राहिला.

गोष्ट पोकळ? मित्राच्या खुनाचा सूड हे कथानक बेताचेच आहे. पण आर्थर एडीसनच्या रुंद चौकटीत नायक-नायिका एका बाजूला बोलत असतात आणि मागे पार शेवटच्या गाडीपर्यंत माणसे आपापल्या कामात असतात: कोणी बैल जुंपतो, कोणी सामान आवरते, पोरे-कुत्री मध्ये मध्ये. खऱ्याखुऱ्या गाड्या आणि गुरे दोरांनी कड्यावरून खाली सोडली जातात, तेव्हा सुडाची आठवणही राहत नाही. इथे नायक तांडाच आहे, आणि तो नजरेत मावायला तेवढी रुंदी हवीच होती.

जमीन बळकावणाऱ्यांचा हा गौरव आहे, हा आक्षेप अधिक वजनदार. तो मी खोडणार नाही. वेनचा कोलमन मूलनिवासींचा मित्र दाखवला आहे खरा, तरी गाड्यांचे कडे करून लढायचा प्रसंग येतोच. प्रत्यक्षात ऑरेगॉनच्या वाटेवर हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसे पटकी, इतर आजार आणि अपघातांनी दगावली. म्हणजे चित्रपटातली लढाई सर्वांत उसनी, आणि नदी ओलांडणे, चिखलात रुतणे सर्वांत खरे. टीकाकारांनी ‘नुसता देखावा’ म्हणून बाजूला सारले ते नेमके हेच.