पालकांची बालवाडी

संपादक महाशय,

मोडकळीस आलेली बालवाडी अप्रशिक्षित पालकांनी चालविणे हा बालशिक्षणाचा उपमर्द होय, हा गतांकातील पत्रलेखकांचा अभिप्राय विचारार्ह असला तरी, 1945 साली बोर्डीस ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शिंपले, बिया व माती यांवर भिस्त ठेवली आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणी नेली, याचे त्यांना विस्मरण झालेले दिसते. आमच्याकडे माता आळीपाळीने मुलांकडून चिंचोके मोजवून घेतात. गळक्या छपराची कौले बापांनी स्वतः चाळली. प्रशिक्षित बाई हवीच, तक्रार नाही. परंतु तिच्या नेमणुकीची मंजुरी दप्तरी पडून असताना मुलांनी वाढणे तहकूब ठेवावे काय? पत्रलेखकांनी एखाद्या सकाळी अवश्य यावे. चटया कमी पडतात, एक आणल्यास उपकार होतील.

आपला,
एक पालक