ऐकणाऱ्यांनी वाचावं

ओमानमधल्या मत्रहला शुक्रवारी सकाळी गाणं ऐकायला जमणारे आम्ही मराठी लोक एकमेकांना ध्वनिमुद्रणं भरपूर पाठवतो. सध्या काय वाचतोय, हे मात्र क्वचितच सांगतो. ते आवर्जून सांगावं. मी वामनराव देशपांड्यांचं ‘घरंदाज गायकी’ (१९६१) पुन्हा वाचतोय. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट असलेले वामनराव मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकले. स्वर आणि लय अशी दोन टोकं धरून त्यांनी घराणी मांडली: किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, आणि दोहोंचा तोल साधणारं जयपूर मधोमध. या तोलाच्या मापात त्यांच्या स्वतःच्या जयपूर तालमीचं प्रेम उतरलंय असं मला वाटतं, आणि वाद घालावा तो इथेच! ही मांडणी वाचून किराण्याचे अब्दुल करीम खाँ आणि आग्र्याचे फैयाज खाँ लागोपाठ ऐका. एरवी निसटणाऱ्या जागा कानाला सापडू लागतात. मराठी पुस्तक इथे बहुधा सुट्टीवरून परतणाऱ्याच्या बॅगेतूनच येतं, म्हणून एकच प्रत घरोघर फिरते, समासात पेन्सिलीच्या खुणा साठवत. त्या खुणाही मला मोलाच्या वाटतात. पुढच्या खेपेला कुणी गोविंदराव टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ आणणार असेल, तर पहिला नंबर माझा.