आधी कोरडा पाय

आषाढी झाली की आपल्या पेडिक्युअरच्या खुर्चीसमोर येणारे पाय बदलतात. मे महिन्यात फुटलेल्या टाचा घेऊन आलेल्या काकू आता बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या दाखवतात. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो, आणि ओल्या मोज्यांत दिवस काढणाऱ्या पोरांचे अंगठे नखुरड्याने लाल झालेले असतात. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालून आलेल्या एखाद्या आजींना सून घेऊन येते. पाय पुढे करताना आजी लुगड्याचा काठ त्यांवर ओढून घेतात. आणि आपण काय करतो? तिघांसाठीही टबात गरम पाणी सोडतो. या अंकात आमचे मागणे एवढेच आहे, की ते पाणी जरा थांबवा. आधी कोरडा पाय पाहा.

भिजलेल्या पायावर काहीच नीट दिसत नाही. बेचक्यातली कातडी चिखल्यांनी पांढरी पडली आहे की आपल्याच पाण्याने, हे पाच मिनिटांनंतर सांगता येत नाही. तळव्याच्या रेषांत पिठासारखा बसलेला बुरशीचा कोंडा धुऊन जातो. भेगेच्या कडा मऊ पडतात आणि ती किती खोल आहे ते कळत नाही. नख पाणी पिऊन फुगते; तेव्हा कापले तर वाळल्यावर वाटले होते त्यापेक्षा आखूड होते आणि कोपऱ्यात राहिलेली कुसळासारखी कपची मांसात शिरते.

मला हे शिकवणारा प्रसंग वीस वर्षांपूर्वीचा. साठी उलटलेल्या एक बाई सुनेबरोबर आल्या होत्या. पाणी मी हाताने पाहिले होते, कोमट होते. त्या म्हणाल्या, "अजून गरम घाल गं, काही लागतच नाही पायाला." मी घातले. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, दोन्ही पावलांवर फोड आले होते. बाईंना बारा वर्षांचा मधुमेह होता. मी विचारले नव्हते. "काही लागतच नाही" हे त्यांचे वाक्यच त्यांचे दुखणे होते, आणि मी ते मागणी म्हणून ऐकले. जखम भरायला चार महिने लागले.

शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या पायांवरच्या जखमा पाहून त्यांनी दाखवून दिले, की हे पाय आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून खिळा, निखारा, चावणारी चप्पल रोज इजा करत राहते. पुढे अमेरिकेत काम करताना त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांना लावली. आपल्या खुर्चीसमोर येणारा न दुखणारा पाय म्हणजे निरोगी पाय असे धरून चालणे सोडले पाहिजे.

तपासायला यंत्र लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्स्विच इथल्या मधुमेहतज्ज्ञांनी रूढ केलेली स्पर्शचाचणी बोटाच्या टोकाने होते. ग्राहकाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, करंगळी आणि मधले बोट, अशा सहा जागी एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करा. दाबू नका, टिचकी मारू नका, कळले नाही म्हणून पुन्हा हात लावू नका. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर संवेदना कमी झाल्याची शंका धरायची. दोन मिनिटांचे काम आहे. मधुमेह असल्याचे स्वतःलाच ठाऊक नसलेली माणसेही यात सापडतात.

अशा पायाला भिजवणे नाही, ब्लेड नाही, वजरीने खरवडणे नाही. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी कुरूपाची पट्टी तर मुळीच नाही; तिच्यातले सॅलिसिलिक आम्ल कुरूप आणि चांगली कातडी असा भेद करत नाही. घट्ट्याच्या आत काळपट-लाल ठिपका दिसला तर खाली रक्त साकळले आहे असे समजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. एरवी नखे सरळ कापून कानशीने घासा, तळव्याला युरियाचे मलम लावा, बेचके मात्र कोरडे ठेवा. कोकमाचे तेल टाचेला आजही चांगलेच आहे, फक्त ते तापवून भेगेत ओतू नये.

नखुरड्याबद्दल आपल्याच व्यवसायात एक गैरसमज टिकून आहे: नखाच्या मध्यभागी खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात. तसे होत नाही, नख वाढते ते मुळाकडून. कोपरे गोल कापणे, घट्ट बूट आणि घाम, ही पोरांमधली नेहमीची कारणे. पायाचे नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढते, अंगठ्याचे पूर्ण नख यायला वर्ष-दीड वर्ष जाते. म्हणजे एका दिवशी खोल कापलेला कोपरा पोराला कित्येक महिने भोगावा लागतो. आईवडिलांना हे सांगा, आणि बूट काढून त्यात हात घालून बघायलाही सांगा. पू असेल तर हात लावू नका.

नेलपॉलिशही आधी पूर्ण उतरवा, दहाही बोटांचे. गव्हाळ-सावळ्या लोकांत नखांवर तपकिरी रेघा बऱ्याचदा असतात आणि त्या बहुधा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखात नवी काळी रेघ आली, ती रुंदावत असली किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला असेल तर त्वचारोगतज्ज्ञच हवा. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याची गाठ आधी फुटबॉलची दुखापत समजली गेली. ती त्वचेच्या कर्करोगाची होती आणि 1981 मध्ये मार्ली गेला, वय 36.

टबाचे म्हणाल तर कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावी 2000 साली एका नेल सलूनच्या फवारेवाल्या टबांतून शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली होती. जाळीमागे साचलेल्या केसांत आणि कातडीत जंतू वाढले होते. घासून धुता येणारे साधे घमेले त्याहून बरे. निळ्या दिव्याच्या पेटीत हत्यारे ठेवल्याने ती निर्जंतुक होत नाहीत. आधी साबणाने घासायची, मग ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर किमान 15 मिनिटे.

वाचक विचारतील, लोक पैसे मोजतात ते पाय भिजवून घेण्याचेच ना? खरे आहे. दिवसभर उभे राहून दमलेल्या बाईला कोमट पाण्यात मिळणारा विसावा आम्हाला कमी लेखायचा नाही. पाहून झाल्यावर, ज्यांना चालते त्यांना पाच मिनिटे खुशाल भिजवा, पाणी कोपराने पाहून. पण पाहण्याचेही पैसे घ्यायला शिका. वाकता येत नाही, दिसत नाही, म्हणून कित्येक आजी-आजोबांनी स्वतःचा तळवा वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. घरात तो कोणी उलटून बघत नाही, डॉक्टरांकडे चप्पल काढायची वेळच येत नाही. महिन्यातून एकदा तो उजेडात धरणारे माणूस बहुतेक वेळा आपणच असतो.

या अंकासोबत नोंदपत्राचा नमुना दिला आहे. त्यात साखर, रक्त पातळ करणारी गोळी, जुनी जखम यांचे रकाने आहेत आणि दोन्ही पावलांची चित्रे आहेत. स्पर्श कळला नाही ती जागा चित्रावर फुलीने दाखवा, तारीख घाला आणि एक प्रत ग्राहकाच्या हातात द्या, डॉक्टरांना दाखवायला.