जेनेरिकची सक्ती : आदेश सोपा, हमी अवघड

डॉक्टरांनी औषधे कंपनीच्या नव्हे, मूळ नावाने लिहावीत, अशा आदेशांची दिल्लीत कधीच वानवा नव्हती. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत ही अपेक्षा ‘शक्यतो’ या शब्दाआड होती. २०१६ मध्ये तो शब्द गेला. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याच अपेक्षेला कारवाईची धार दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध करताच त्याच महिन्यात नियमावली स्थगित झाली.

डॉक्टरांच्या विरोधामागे हितसंबंध नव्हतेच, असे नाही. तरीही त्यांचा एक आक्षेप बिनतोड आहे. चिठ्ठीवर केवळ मूळ नाव असेल, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे दुकानदार ठरवणार आणि जिथे नफा अधिक तिथे त्याचा हात जाणार.

सरकारी योजनेत मात्र हा आक्षेप लटका पडतो. १९५४ पासून चालत आलेल्या ‘सीजीएचएस’मध्ये दवाखान्यातील साठ्याची खरेदी सरकारच करते. सक्ती लागू करण्यास याहून योग्य जागा नाही. मात्र तिथे गुणवत्तेची जबाबदारीही दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

तामिळनाडूने ही जबाबदारी ओळखली. १९९४ मध्ये स्थापन झालेले तेथील वैद्यकीय सेवा महामंडळ मूळ नावानेच निविदा काढते, मालाची तपासणी करूनच वाटप करते आणि नापास पुरवठादाराला काळ्या यादीत टाकते. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना राबवली, तीही महामंडळामार्फत खरेदी करूनच. फळीवर जेनेरिकच असेल, तर डॉक्टरांवर आदेशाचा बडगा उगारावा लागत नाही.

केंद्राचे पाऊल इथे अडखळते. २०१७ मध्ये काही वर्गांतील औषधांना उत्पादन परवान्यापूर्वी जैवसमतुल्यता चाचणी, म्हणजे गोळी शरीरात मूळ औषधाइतकीच उतरते याचा पुरावा, बंधनकारक झाली. पण आधीच परवाना मिळालेल्या उत्पादनांना तिची झळ लागली नाही. शिवाय उत्पादनाचे परवाने मुख्यतः राज्ये देतात आणि सर्वच राज्यांची तपासणी यंत्रणा सारखी सक्षम नाही.

हमीवाचून सक्ती झाली, तर मधुमेहाचा निवृत्त रुग्ण दवाखान्यातील गोळी बाजूला ठेवून ओळखीचा ब्रँड पदरमोड करून आणील. बचत तिजोरीची, भुर्दंड निवृत्तिवेतनाला. तेव्हा पुढचा आदेश डॉक्टरांसाठी काढण्याआधी प्रयोगशाळांसाठी तरतूद करावी लागेल.