धातू, पाळी आणि टेस्टोस्टेरॉन

मराठीच्या वर्गात ‘धातू’ हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकांवर हसू पसरते. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या महाविद्यालयांत व्याकरण शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा. प्रत्यय लागण्यापूर्वीचे क्रियावाचक मूळ रूप म्हणजे धातू, अशी व्याख्या आपण सांगतो. मुलांच्या कानांवर मात्र तो शब्द आधीच बसस्थानकामागच्या भिंतीवरून येऊन पडलेला असतो. ‘धातू जाणे’, ‘अशक्तपणा’, ‘गुप्तरोग’ आणि खाली एक दूरध्वनी क्रमांक. आयुर्वेदाने सात धातू मानले, रसापासून शुक्रापर्यंत. शुक्र हा शेवटचा, म्हणून सर्वांत मोलाचा. तो गेला की माणूस पोकळ झाला, ही समजूत इथून तिथवर इतकी पक्की की १९६० मध्ये नरेंद्रनाथ विग या मनोविकारतज्ज्ञांना तिच्यासाठी ‘धात सिंड्रोम’ असे स्वतंत्र नावच योजावे लागले. रुग्ण तक्रार काय करीत होते? थकवा येतो, झोप लागत नाही, मन लागत नाही, अंगात ताकद नाही. शुक्राचा उल्लेख हा तक्रारीचा भाग कमी आणि तिचा अन्वयार्थच अधिक होता.

गेल्या काही वर्षांत त्या भिंतीशेजारी दुसरी भिंत उभी राहिली आहे, ती हातातल्या पडद्याची. तिशीच्या आसपासचा तरुण, पोट सुटू लागलेले, संध्याकाळी अंग गळून जाते, कशातच उत्साह नाही. आता त्याला ‘धातू’ कोणी सांगत नाही, ‘टेस्टोस्टेरॉन कमी झाले असेल, तपासून घे’ असे सांगतात. सांगणारा कधी व्यायामशाळेतला सोबती असतो, कधी जाहिरात. शब्द प्रयोगशाळेतला आहे, त्याच्यासोबत एक आकडा येतो, आणि आकड्यापुढे आपण सुशिक्षित माणसे लवकर नमतो. माझे म्हणणे असे की या नव्या शब्दाकडून आपण जुनेच काम करून घेत आहोत. थकव्याची चौकशी करण्याऐवजी थकव्याला पौरुषाच्या खाती टाकायचे, आणि एकदा ते त्या खाती गेले की त्याविषयी चारचौघांत बोलायचे नाही.

या संप्रेरकाचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार या नामवंत फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने वयाच्या बहात्तराव्या वर्षी कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा तरुण झालो, असे पॅरिसच्या विद्वत्सभेला सांगितले. त्या अर्कात परिणाम होण्याइतके संप्रेरक असणे शक्यच नव्हते, हे पुढे स्पष्ट झाले. बहात्तर वर्षांच्या शास्त्रज्ञाला जे वाटले ते त्याच्या इच्छेने वाटले. खरे टेस्टोस्टेरॉन १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून वेगळे काढले गेले, त्याच वर्षी ते कृत्रिम रीत्या तयारही झाले, आणि १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात बुटेनांट व रुझिका यांच्या नावांमागे हे कार्य होते. म्हणजे रेणू हाती येण्यापूर्वी जवळपास अर्धे शतक त्याची आख्यायिका तयार होती.

या आख्यायिकेतला सर्वांत मोठा विपर्यास व्यायामशाळांत सुया टोचून घेणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदूतली पियूषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्रजंतू तयार होणे मंदावते किंवा थांबते. हा परिणाम इतका भरवशाचा की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनची सुई देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. १९९० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्रजंतू उरला नव्हता. सुया थांबवल्यावर बहुतेकांचे पूर्ववत होते, पण त्याला महिने लागतात, काहींना त्याहून अधिक काळ. लग्न ठरावे, अंग भरलेले दिसावे म्हणून जे टोचून घ्यायचे ते वंध्यत्वाचे औषध निघावे! र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले. पुरुषांसाठीचे निरोधक पौरुषाच्या नावाने विकले जाईल, ही कल्पना त्या तर्ककठोर गणितज्ञाला बहुधा करमणुकीची वाटली असती.

तरुण पुरुषांचा थकवा हा नुसताच मनाचा खेळ आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असणारी माणसे असतात. क्लाइनफेल्टर नावाची जन्मजात स्थिती साधारण साडेसहाशे मुलग्यांमागे एकात आढळते. २०११ च्या जनगणनेनुसार पावणेअकरा लाखांच्या गडचिरोली जिल्ह्यात त्या हिशेबाने आठशेच्या आसपास पुरुष असे असायला हवेत, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपल्या स्थितीचे नाव ठाऊक नसणार. ही माणसे उपचाराने सावरतात. भिंतीवरच्या जाहिरातीने आणि पडद्यावरच्या जाहिरातीने सर्वांत अधिक नुकसान होते ते त्यांचेच. कारण सगळेच जेव्हा ‘कमी’ असल्याचे सांगतात तेव्हा खरोखर कमी असलेला गर्दीत हरवतो.

युरोपातल्या आठ केंद्रांत चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. कमी टेस्टोस्टेरॉनशी ज्यांचा नेमका संबंध दिसला अशी लक्षणे तीनच, आणि तिन्ही लैंगिक. थकवा, उदासी, जिना चढताना लागणारी धाप यांचा धागा पुसट निघाला. थकवा हे इतक्या गोष्टींचे लक्षण आहे की ते जवळजवळ कशाचेच लक्षण नाही. आपल्या जिल्ह्यांत तर त्या गोष्टींची वाण नाही. मलेरिया आहे, क्षय आहे, रक्तक्षय आहे. पूर्व विदर्भात अनेक समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सिकलसेल आहे. त्या मुलाचे रक्तच प्राणवायू नीट वाहत नाही आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातल्या चौघांपैकी एक पुरुष रक्तक्षयी आढळला. त्याच पाहणीत सुमारे तेवीस टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भूक आणि चरबी एकाच अंगणात कशा नांदतात ते दिसते.

त्याचे स्पष्टीकरण मराठी मुलखातच सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे सारखे, २२.३, शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली माणसे बारीक दिसतात आणि आतून लठ्ठ असतात. याची मुळे आईच्या पोटात, कमी वजनाच्या जन्मात आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आता हे गडचिरोलीला लावून पाहा. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ ते १९९८ या काळात इथल्या खेड्यांत घरोघरी नवजात बालकांच्या काळजीचा जो प्रयोग केला, त्यात दर दहांतली चार बालके कमी वजनाची होती. त्या प्रयोगाने नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. जगलेली ती मुले, आणि ज्या गावांत हा प्रयोग नव्हता तिथलीही त्यांच्या वयाची मुले, आज तिशीच्या आसपास आहेत. आपल्या वर्गांतून ती गेली. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावली, छाती फुगवून मोजून घेतली, आणि भरती हुकल्यावर बसून राहिली. पोटाभोवतीची चरबी इन्सुलिनचे काम बिघडवते, त्यासोबत रक्तातले टेस्टोस्टेरॉनही खाली येते. आकडा खोटा नसतो. पण तो बहुतेक वेळा शेवटचा परिणाम असतो. आपण त्याला पहिले कारण समजून त्यावर सुई रोखतो. वजन उतरले की यांतल्या पुष्कळांचा आकडा आपोआप वर येतो, हेही सिद्ध आहे.

आणि झोप. इथे मला मराठीतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे. स्त्रीच्या मासिक धर्माला आपण ‘पाळी’ म्हणतो आणि कोळसाखाणीतल्या कामाच्या आठ तासांनाही ‘पाळी’च म्हणतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर या पट्ट्यातली कितीतरी घरे या पाळीवर चालतात. २९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र रात्री विझत नाही, आणि २०२१ पासून जोमाने सुरू झालेल्या सुरजागडच्या लोहखाणीने आलापल्लीच्या रस्त्यावरच्या चालकांची रात्रही खाऊन टाकली आहे. डोळे मिटू नयेत म्हणून गालात खर्रा. शिकागोत दहा निरोगी तरुणांना आठ रात्री पाचच तास झोपू दिले तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरले. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याभरात इतके! ज्याची झोप दहा वर्षे फिरत्या पाळीने फिरते आहे त्याचे काय होत असेल? ही तपासणी सकाळीच करायची असते, कारण हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते. शिवाय एका तपासणीवर निदान करू नये, निदान दोनदा करावी, असा वैद्यकीय दंडक आहे. रात्रपाळी संपवून घरी आलेल्या माणसाची सकाळ कोणती, हे अहवालाच्या कागदावर लिहिलेले नसते. (हौसेच्या जागरणाला माझी हरकत नाही. झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहून पहाटे परतणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी पेंगतो, पण तो आजारी नसतो.)

स्त्रीच्या ‘पाळी’विषयी बोलता येऊ लागले ते काही अंशी याच जिल्ह्यामुळे. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून बंग दांपत्याने १९८९ मध्ये दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी अवघ्या ८ टक्क्यांची झालेली होती. राणी बंगांच्या ‘कानोसा’त त्या स्त्रियांचे बोलणे आहे. आपल्या मराठी विभागांतून स्त्रीवादी समीक्षेच्या निमित्ताने हे पुस्तक वाचले जाते, ते योग्यच आहे. पुरुषाच्या शरीराचा असा कानोसा आपल्या साहित्याने घेतलेला नाही. अभय बंगांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ (२०००) हे पुस्तक घराघरांत गेले. चाळिशीतला पुरुष आपल्या शरीराविषयी, धावपळीविषयी, भीतीविषयी मोकळेपणाने लिहितो, हे मराठीला नवे होते. तरीही हृदय हा प्रतिष्ठित अवयव आहे. कवितेने त्याला हजार वर्षे मखरात बसवले आहे. त्याच्याखाली उतरले की मराठी पुरुष शिवी देतो किंवा गप्प बसतो.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या आपल्या लेखकांनी शिवीला साहित्यात जागा मिळवून दिली आणि वासनेलाही. ‘वासूनाका’वर गदारोळ झाला, ‘गोलपिठा’ने अभिरुचीला हादरा दिला. थकलेल्या, न जमणाऱ्या, वाढत्या पोटाच्या पुरुषाला मात्र तिथेही जागा मिळाली नाही. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पंचविशीत थकलेला आहे, आपण त्याच्या थकव्याला अस्तित्ववाद म्हटले आणि तीन पिढ्या त्यावर प्रबंध लिहिले. तो झोपतो किती, खातो काय, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिला तर आपण गुण कापू. मला तो प्रश्न वाङ्मयबाह्य वाटत नाही. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर १९३४ मध्ये जो खटला चालला, ज्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच होता. खटला हरला, दंड झाला. पण वाचक असे प्रश्न मराठीत लिहून पाठवीत होते आणि त्यांना मराठीत सरळ उत्तर मिळत होते, ही गोष्ट उरते.

आपल्याच खोलीत पाहू. तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले तरुण सहकारी नेट-सेट होऊन, पीएच.डी. होऊन पस्तिशीला आले आहेत. दोन महाविद्यालयांत धावपळ, मानधन महिनोन्‌महिने थकलेले, लग्न लांबलेले, जेवण समोसा-चहावर, वजन वाढते. त्यांच्यापैकी कोणी ‘फार थकायला होते’ म्हणाला तर आपण गंमत करतो, आणि ती गंमत कोणत्या दिशेने जाते ते सर्वांना ठाऊक आहे. त्याचे संप्रेरक मोजून कदाचित कमीच निघेल. मानधनाची थकबाकी मोजणारी प्रयोगशाळा नाही.

म्हणून मराठी विभागांनी करण्याजोगे एक काम सुचवतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे शब्द जमवले; गोंडवाना विद्यापीठात शोधप्रबंधांना विषय हवेच असतात. एखाद्याने या दोन जिल्ह्यांतले पुरुष आपल्या थकव्याला काय काय म्हणतात ते झाडीबोलीत, माडियात, गोंडीत, खाणकामगारांच्या हिंदीमिश्रित मराठीत टिपून काढावे. ‘कमजोरी आली’, ‘मन लागत नाही’, ‘आंगात दम नाही राह्यला’ ही वाक्ये प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कागदावर एकाच ‘अशक्तपणा’त गोळा होतात आणि तिथून एकाच टॉनिकच्या बाटलीत. ‘दम नाही’ म्हणणारा श्वासाविषयी बोलतो आहे, रक्ताविषयी, रात्रीच्या झोपेविषयी की बायकोपाशी न बोलता येणाऱ्या गोष्टीविषयी, हे ऐकणाऱ्या डॉक्टरला कळायचे तर त्या शब्दाच्या छटा आधी कोणीतरी नोंदवून ठेवलेल्या असायला हव्यात.